कणकुंबीच्या वाटेवरील एक प्रश्न

खानापुराहून जांबोटीमार्गे कणकुंबीस जाण्याचा योग नुकताच आला. मलप्रभेचा उगम पाहावा, एवढाच आमचा हेतू. भोवती दाट रान, पायांखाली तांबडा जांभा, मधूनच काळा फत्तर. सोबतच्या मुलांपैकी एकाने विचारले, "फादर, पुस्तकातला तो लांब सुळ्यांचा गॉर्गोनॉप्सियन आपल्या रानात होता का? तो वाघाचाच पूर्वज ना?"

आम्ही थबकलो. काही वर्षांपूर्वी वर्गात आम्हीच 'होय, वाघाचा पूर्वज' असे बेधडक सांगून बसलो होतो. ती चूक दुरुस्त करण्याची वेळ आता आली होती.

हा प्राणी डायनोसॉरांच्याही आधीचा. सुमारे 25 कोटी 20 लक्ष वर्षांपूर्वी पृथ्वीवरील बहुतेक जीवसृष्टी नष्ट झाली, तीत त्याचाही निर्वंश झाला. वाघ आणि आपण सस्तन प्राणी जवळच्याच दुसऱ्या शाखेतून आलो. तेव्हा तो आपला आजोबा नव्हे. फार तर चुलत घराण्यातला म्हणावा. वाघाचे दुधाचे सुळे एकदाच पडून नवे येतात. याचे मात्र पुन्हा पुन्हा येत.

मग तो येथे होता काय? आमच्या पायांखालचा काळा फत्तर सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्याखालचे खडक शंभर कोटी वर्षांहून जुने. तेव्हा हाडे असलेला प्राणीच जन्मला नव्हता. मधल्या काळाची पाने आपल्या तालुक्याच्या पोथीत नाहीतच. ती सापडतात दूर गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यात. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील कुंदारम येथील त्या काळच्या प्राण्यांविषयी भारतीय सांख्यिकी संस्थेचे टी. एस. कुट्टी यांनी 1972 साली लिहिले. तेथे गॉर्गोनॉप्सियनाचेही अवशेष मिळाले आहेत.

चित्रांत कोणी त्याला सरड्यासारखा रंगवितो, कोणी केसाळ कुत्र्यासारखा. सुळे, कवटी, पायांची ठेवण ही हाडांनी दिलेली साक्ष होय. अंगाचा रंग आणि डोळ्यांतील क्रौर्य मात्र चित्रकाराची देणगी. कल्पना करण्यात दोष नाही. तिला साक्ष म्हणून पुढे करण्यात आहे.

"म्हणजे आपला त्याचा काहीच संबंध नाही?" मुलाचा चेहरा उतरला.

आम्ही त्याला कानाला हात लावावयास सांगितले. त्या प्राण्याचा जबडा ज्या दोन हाडांच्या बिजागरीवर उघडे, तीच हाडे सस्तन प्राण्यांच्या घराण्यात लहान होत होत कानात शिरली. त्यांना आज आपण हातोडी व ऐरण म्हणतो. त्यांच्याच योगे त्या वेळी मलप्रभेचा झुळझुळ आवाज आम्हांस ऐकू येत होता.

मुलगा कान धरून कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. वाघाची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.