निरुपयोगी छिद्रें

छिद्रान्वेषण हा मनुष्यस्वभावांतला दोष खरा. परंतु जुनी मोटार बाळगणाऱ्यास तो गुण म्हणून अंगीं बाणवावा लागतो. आमच्या रत्नागिरींत तर विशेषच. येथील खारा वारा लोखंडी नळ्या खाऊन टाकतो, उष्णतेनें रबर चिरतें, आणि उघड्या राहिलेल्या प्रत्येक भोंकांतून जांभ्याची तांबडी धूळ आंत शिरूं पाहते. नळी सडली कीं आमचे मिस्त्री एकच उपाय सुचवितात : "काका, ही आतां लागते कुठें? बूच मारून टाकूं."

सल्ला सोपा आहे, म्हणूनच तो तपासून घ्यावासा वाटतो. इंजिनाला हीं जादा छिद्रें मुळांत पडलीं कशीं? लॉस एंजेलिस शहरावर पसरणारें झोंबरें धुकें मोटारींतून निघणाऱ्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनतें, असें हागेन-स्मित या शास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें. पुढें कॅलिफोर्नियांत १९६१ सालच्या नव्या मोटारींपासून क्रँककेसमधील वाफा बाहेर न सोडतां इंजिनांतच पुन्हा जाळण्याची व्यवस्था आली. १९६८ च्या सुमारास अमेरिकेस जाणाऱ्या एम्. जी. बी. सारख्या ब्रिटिश गाड्यांना हवेचा पंप बसविण्यांत आला. त्याची हवा एक्झॉस्टच्या झडपांजवळ सोडण्यासाठीं हेडमध्येंच छिद्रें ठेविलीं. हेतु हा कीं, अर्धवट जळलेलें इंधन तेथेंच पुरतें जळावें. पुढें कित्येक मालकांनीं पंप काढून टाकले. छिद्रें तेवढीं उरलीं.

असें उरलेलें छिद्र बुजविलेंच पाहिजे, पण त्याची जागा ओळखून. एक्झॉस्टच्या बाजूस रबर किंवा लुकण टिकत नाहीं. तेथें आट्यांचें धातूचें बूचच हवें, आणि तेंही इतकें आखूड कीं आंतल्या वाटेंत त्याचें टोंक येऊं नये. इनटेकच्या बाजूस उष्णता कमी, परंतु इंजिन तेथें सतत श्वास ओढीत असतें. भेग बारीक असली तरी कार्बुरेटरनें न मोजलेली हवा आंत जाते, पेट्रोलाचें प्रमाण कमी पडतें, गाडी उभी असतां इंजिन अडखळतें, आणि फार दिवस तसेंच चालविल्यास झडपा जळण्याचें भय असतें. आमच्या गाडींत असें एक बेवारस तोंड होतें. त्यावरची रबरी टोपी फुटली, तेव्हां तांब्याचा वायसर घालून आम्हीं तेथें पितळी बूच बसविलें. मिस्त्र्यांचा सल्ला तेवढ्यापुरता अगदीं योग्य होता.

परंतु तोच न्याय त्यांनीं क्रँककेसच्या श्वासनळीसही लाविला, तेव्हां आम्ही अडून बसलों. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायु नेहमींच खालीं उतरतो. त्याची वाट बुजविली तर दाब वाढून सांध्यासांध्यांतून तेल बाहेर येतें. "मग नळी नुसती खालीं मोकळी सोडूं," असें ते म्हणाले. यानें इंजिनाचें कांहींच बिघडलें नसतें. उलट कार्बुरेटर कमी घाण होऊन आमचे श्रम वांचले असते. वाफा मात्र रस्त्यावर गेल्या असत्या. येथें दुपारीं समुद्रावरून वारा सुटला कीं तो आमचा धूर आमच्या अंगणांत ठेवीत नाहीं; टिळक आळीसारख्या अरुंद रस्त्यानें शाळेंतून परतणाऱ्या मुलांच्या नाकातोंडांत नेतो.

इंजिनांतील कांहीं छिद्रें इंजिनासाठीं असतात, कांहीं शेजाऱ्यासाठीं. दुसऱ्या प्रकारचीं मालकास नेहमींच निरुपयोगी वाटावयाचीं, कारण त्यांचा उपयोग त्याला दिसतच नाहीं. धुराच्या तपासणींत जुन्या गाड्यांना नव्यांहून पुष्कळ सैल मर्यादा आहे. ही समाजानें आमच्या हौसेला दिलेली सवलत होय; तिचा पुरेपूर उपभोग घेतलाच पाहिजे असें नाहीं. आम्हीं नवी नळी आणविली. आतां कार्बुरेटर वरचेवर धुवावा लागतो, आणि मिस्त्री आम्हांला हट्टी म्हणतात. त्यांच्या दृष्टीनें तें खरेंही आहे.