चार दिवसांचं अस्तर

लोकलमध्ये संडास नसतो, हे सगळ्यांनाच माहीत असतं. क्रोन्स झाला, म्हणजे आतड्याला कायमची सूज आली, की ते खरं कळतं! बोरिवली ते अंधेरी, कुठल्या स्टेशनवर सोय कुठे आहे, मला तोंडपाठ आहे.

डॉक्टरांनी आधी टीबीची औषधं दिली, तेव्हा चिडलो होतो. मग वाचलं. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतून, कधी बायोप्सीतही, सारखेच दिसतात. आपल्याकडे टीबी भरपूर, आणि टीबी असताना क्रोन्सची स्टेरॉइड्स दिली तर तो भडकतो. पटलं.

वाचता वाचता आणखी एक कळलं. आतड्याचं आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. ते घडवणाऱ्या मूळ पेशी २००७ साली नेदरलंड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत सापडल्या. २००९मध्ये तिथेच अशा एकेका पेशीपासून अस्तराची इवली प्रतिकृती वाढवली.

म्हणजे गेल्या शनिवारचं माझं अस्तर आज जवळजवळ उरलेलंच नाही! आजार मात्र तसाच. कारण बिघाड नुसता भिंतीत नाही, पहारेकऱ्यांत, म्हणजे प्रतिकारशक्तीतही आहे.

आईचं निदान वेगळंच आहे: "बाहेरचं खातोस ना, म्हणून."

असो. सोमवारी पुन्हा दारापाशीच उभा राहीन.