चला, रोबोला मोखाडा दाखवू!

लोणावळ्याला ट्रॅफिक, अलिबागला गर्दी. मग वीकेंडला जायचं कुठे? आम्ही मनोरहून गाडी आत वळवली आणि विक्रमगडमार्गे थेट जव्हार गाठलं. मुकणे राजांचा जयविलास पॅलेस, हनुमान पॉइंटवरची दरी, उन्हाळ्यात रोडावलेला दाभोसा धबधबा... एकदम झकास!

पुढे मोखाड्याच्या रस्त्याला लागलो आणि गप्पा थांबल्या. भर उन्हात डोक्यावर हंडे घेऊन बायका चढण चढत होत्या. याच तालुक्यात १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण आहे. २०१४ पासून त्याचं पाणी मुंबईला जातं. म्हणजे आपल्या शॉवरमध्ये थोडा मोखाडाही असतो, बॉस!

गाडीत आम्ही चौघंही इंजिनीअर. कॉलेजच्या फेस्टसाठी लाइन फॉलोअर रोबो बनवताना रात्री जागवलेल्या. गुळगुळीत मॅटवरच्या काळ्या पट्टीवर हिरो ठरलेलं ते यंत्र इथल्या पायवाटेवर दहा पावलांत उलटलं असतं.

२०१७ मध्ये वॉशिंग्टनला ‘फर्स्ट ग्लोबल’ ही शाळकरी मुलांची रोबो स्पर्धा झाली. दीडशेहून जास्त देशांच्या टीम्स आणि विषय होता स्वच्छ पाणी. निळे चेंडू म्हणजे पाणी, केशरी म्हणजे त्यातली घाण. रोबोंनी ते वेगळे करायचे. आयडिया भन्नाट, पण पाणी शेवटी चेंडूंचंच!

उद्याची स्पर्धा इथे भरली तर? मैदान म्हणजे ही चढण. बजेटला मर्यादा. बिघाड झाला तर दुरुस्ती गावातल्या गॅरेजच्या सामानातच करायची. प्रत्येक टीममध्ये निम्मी मुलं जव्हार-मोखाड्याची, कारण विहीर कधी आटते हे त्यांनाच ठाऊक. आणि परीक्षक? रोज हंडा वाहणाऱ्या मावशी. यंत्र त्या परत वापरतील का, यावर मार्क.

एखादी टीम म्हणेल, ‘इथे रोबो नकोच, सोलर पंप, पाइप आणि टाकी भरल्याचं सांगणारा साधा सेन्सर पुरे.’ माझ्या मते पहिला नंबर त्यांचाच. प्रश्न नीट ओळखणं हेही इंजिनीअरिंगच आहे ना?

सोमवारी ऑफिसात कूलरखाली ग्लास धरला. या वेळी अर्धा टाकून दिला नाही.

कसे जाल? मुंबईहून मनोर-विक्रमगडमार्गे जव्हार, पुढे मोखाडा. नाशिककरांना त्र्यंबकेश्वरमार्गे आधी मोखाडा लागतो. उन्हाळ्यात जाणार असाल, तर पाणी घरूनच भरून न्या.