दूध आणि सूत

सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आबा, दूध संपलंय." पेपरातून मान वर न काढता मी उत्तर दिलं, "मागवलंय. उद्या गाडी उतरेल."

मला ऐकू आलं होतं, 'सूत संपलंय.' इचलकरंजीत ३१ वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात दिवाणजी होतो. सूत संपलं म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? घरात त्यावर आठवडाभर हसले, मीही हसलो. रात्री मात्र मनाशी कबूल केलं, की हल्ली मी निम्मे शब्द ऐकत नाही, अंदाजानं लावतो. वहीवर पाणी सांडल्यावर पुसट आकडा लावायचो, तसं.

आधी एक चोरवाट करून पाहिली. जाहिरात बघून हजारभर रुपयांचं एक यंत्र मागवलं. त्यानं सगळंच सरसकट मोठं केलं. सून बोलली ते कळलं नाहीच, पण कुकरची शिट्टी झाली तेव्हा कानात खिळा ठोकल्यासारखं झालं. पडलेल्या कानाची ही खोड मला नंतर समजली : बारीक आवाज पोचत नाही आणि मोठा सोसत नाही. मधली पट्टी फार अरुंद उरते.

मग मात्र रीतसर तपासणीला गेलो. फोम लावलेली बंद खोली, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. जाडेभरडे आवाज पटापट टिपले. नंतर बराच वेळ काही आलंच नाही, म्हणून काचेपलीकडे पाहिलं, तर ऑडिओलॉजिस्ट बाई आवाज सोडतच होत्या.

त्यांनी आलेख पुढे ठेवला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. रेघ १००० हर्ट्झपर्यंत बरी चालली होती. पुढे आंबा घाट उतरावा तशी खाली, ४००० ला तळ, ८००० ला जराशी वर. रेघ बघूनच बाईंनी विचारलं, "मागावर होता का हो?" गोंगाटानं गेलेला कान असा खड्डा दाखवतो म्हणे. कानाच्या आतल्या शंखात केसाळ पेशी असतात, एका कानात पंधरा-सोळा हजार. त्या गेल्या की परत येत नाहीत. आणि आमच्याकडे पत्र्याखाली चोवीस साधे माग, प्रत्येकाचा धोटा मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा या टोकाहून त्या टोकाला आपटायचा. गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. तेव्हापासून खडखडाट म्हणजे पोट चाललंय, आणि शांतता म्हणजे मंदी. त्या आवाजाविरुद्ध तक्रार करणं कुणाला सुचलंच नाही.

दूध आणि सूत यांचा उलगडाही त्याच कागदावर झाला. स्वर जाड आणि दमदार असतात. 'स', 'श', 'फ', 'त' यांचा आवाज बारीक आणि अशक्त, नेमका खड्ड्यात पडणारा. मधला 'ऊ' माझ्यापर्यंत धडधाकट येतो, शब्दाचे दोन्ही काठ वाटेत गळतात.

दोन्ही कानांची यंत्रं मिळून ५६ हजार लागले. बारीक आवाज उचलायचा, मोठा तसाच सोडायचा, हे त्यांना आलेखावरून शिकवलेलं असतं. पहिल्या दिवशी पेपरची घडी उलगडली तर पत्रा फाटल्यासारखं वाटलं. माझ्याच चपला मागून कुणी येतंय अशा वाजत होत्या. तिसऱ्या दिवशी यंत्रं कपाटात गेली. बाईंनी फोनवर दम भरला : "घरात रोज दोन तास घाला, मग वाढवा. डोक्याची सवय मोडलीय, ती परत लावायची."

सवय लागत होती तेवढ्यात नातीनं घोळ केला. माझी यंत्रं बटणाएवढ्या सेलवर चालतात. या सेलवर तपकिरी रंगाची चिकटपट्टी असते. ती काढली की बारक्या भोकांतून हवा आत जाते, आतलं जस्त जागं होतं. मिनिटभर थांबून सेल यंत्रात घालायचा. पोरीनं पाकिटातल्या सहाही पट्ट्या काढून चित्रकलेच्या वहीत झाडाची पानं केली. परत चिकटवून उपयोग नसतो, जागा झालेला सेल वापरा अगर नका वापरू, संपतच जातो. महिन्याचा साठा पंधरवड्यात आटपला. झाड मात्र छान झालं होतं.

यंत्रं आता दिवसभर असतात. तरी लग्नाच्या हॉलमध्ये मी पुन्हा कोराच. शब्द आणि गलका एकाच मापानं मोठे होतात. लोक मग कानाशी येऊन ओरडतात. ओरडल्यानं स्वर वाढतो, व्यंजन जागच्या जागी राहतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कारखान्यातला जुना जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, घरी आला. त्याचे कान माझ्याहून गेलेले, यंत्र नाही. आल्या आल्या त्यानं गुडघ्यावर थाप मारली, उजेडाकडे तोंड करून समोर बसला, आणि ओठ नीट हलवत, हातानं खुणा करत तासभर बोलला. एक शब्द दोनदा विचारावा लागला नाही. कारखान्यात आम्ही असंच बोलायचो. आधी खांद्याला हात, मग समोर तोंड, मग बोलणं. समजलं नाही तर तेच मोठ्यानं नाही, दुसऱ्या शब्दांत. त्या पत्र्याखाली सगळ्यांचेच कान निकामी, त्यामुळे बहिरा म्हणून कुणी वेगळा पडत नव्हता.

दारात उभी राहून सूनबाई हे सगळं पाहत होती.

दुसऱ्या दिवशी ती बाहेर आली, माझ्या खांद्याला बोट लावलं, समोर उभी राहिली. "आबा, दूध संपलंय." आणि हातातलं पातेलं उपडं करून दाखवलं. मी पिशवी घेऊन निघालो.