नाशिक : गर्दीची पावले मोजताना

नाशिकचे जुने शहर आणि पंचवटी यांच्या मधून गोदावरी वाहते. अलीकडे दूध बाजार, भद्रकाली, चौक मंडई, पिंजार घाट. पलीकडे मालेगाव स्टँड, रामकुंड, सरदार चौक, काळाराम मंदिर. अलीकडच्या गल्ल्यांतून ईद-ए-मिलादचा जुलूस बडी दर्गाहकडे जातो. पलीकडच्या गल्ल्यांतून दर बारा वर्षांनी सिंहस्थ कुंभमेळ्याचे भाविक नदीवर उतरतात. सण वेगळे, पण गल्ल्यांची रुंदी दोन्हीकडे सारखीच. दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे सरकावे लागते.

हा सगळा भाग आम्ही पायी फिरलो. मनात एकच प्रश्न होता. लाखोंची गर्दी कधी जीवघेणी होणार, हे आधी कळू शकते का? नाशिकने याचे उत्तर शोधण्याचा मनापासून प्रयत्न केला आहे, म्हणून ते इथेच विचारायचे ठरवले.

अहिल्याबाई होळकर पूल ओलांडून, मालेगाव स्टँडवरून रामकुंड आणि तिथून सरदार चौकाकडे चढलो. रस्ता अरुंद, वर उताराचा. २७ ऑगस्ट २००३ रोजी, शाही स्नानाच्या दिवशी, याच परिसरात चेंगराचेंगरी झाली आणि तीसहून अधिक माणसे गेली. मिरवणुकीतून फेकलेली नाणी उचलण्यासाठी लोक वाकले आणि धावपळ उडाली, असे तेव्हा सांगितले गेले. आमच्यासोबत हज करून आलेले एक बुजुर्ग होते. उताराकडे पाहत ते म्हणाले, “इथं वरच्याला खालचं दिसत नाही. तो पुढे ढकलतच राहणार.”

हाजीसाहेबांनी एका वाक्यात जे सांगितले, तेच गर्दीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ मोजून सांगतात. एक चौरस मीटर म्हणजे एका जानमाजपेक्षा थोडी मोठी जागा. तेवढ्या जागेत तीन-चार माणसे असली तर चालता येते. सहा-सात झाली की माणसाचा स्वतःच्या पावलांवर ताबा राहत नाही. गर्दी पाण्यासारखी वागू लागते, लाटा येतात, माणूस जागचा उचलला जातो. अशा वेळी बहुतेक मृत्यू तुडवले गेल्याने होत नाहीत, छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने होतात. मागच्यांना यातले काहीच कळत नाही. त्यांना फक्त समोर थोडी जागा झाल्यासारखी वाटते.

आपल्याला हे नवीन नाही. २ जुलै १९९० रोजी मिनातील पादचारी बोगद्यात १,४२६ हाजी मरण पावले. १२ जानेवारी २००६ रोजी जमरातच्या पुलाच्या तोंडाशी ३४०हून अधिक. त्या दिवशीच्या कॅमेऱ्यांतील चित्रण डर्क हेल्बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. अपघाताच्या आधी गर्दीची चाल बदलते. आधी ती सलग असते, मग थांबत-थांबत पुढे सरकते आणि शेवटी चारी दिशांना हेलकावे खाऊ लागते. म्हणजे धोक्याची खूण आधी दिसते, पण ती पाहणारे कोणीतरी हवे. पुढे सौदी सरकारने जुना पूल पाडून अनेक मजल्यांचा नवा पूल बांधला, येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या केल्या, गटागटांना वेळा ठरवून दिल्या.

हाजीसाहेबांनी जुना पूल पाहिला होता. “जाणारे आणि येणारे एकमेकांच्या अंगावर यायचे,” ते म्हणाले. “एखाद्याची चप्पल निघाली तर ती सोडून द्यायची, असं आम्हाला आधीच बजावलं होतं.”

आता नाशिकच्या प्रयत्नाकडे येऊ. २०१५ चा सिंहस्थ जवळ आला तेव्हा, २०१४ पासून शहरात ‘कुंभथॉन’ नावाची शिबिरे भरू लागली. त्यामागे मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये संशोधन करणारे रमेश रास्कर होते. विद्यार्थी, डॉक्टर, अभियंते आणि अधिकारी एकत्र बसले. मोबाइल टॉवरच्या माहितीवरून गर्दीचा अंदाज घेणे, साथीच्या आजारांची रोज नोंद ठेवणे, तात्पुरते निवारे उभारणे असे विषय त्यांनी हाताळले. पुढे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने नाशिकमध्ये ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ हे केंद्र सुरू केले. तिथे तरुण अशाच सामाजिक प्रश्नांवर काम करतात.

या शिबिरांतून ‘आशिओतो’ तयार झाले. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज. ते बनवणाऱ्या चमूत निलय कुलकर्णी हा नाशिकचा शाळकरी मुलगा होता. कल्पना साधी आहे. वाटेवर एक चटई अंथरायची. तिच्यावर पाऊल पडले की दाबामुळे विजेचा संकेत मिळतो. यंत्र ते संकेत मोजते आणि आकडा दूरच्या पडद्यावर पाठवते. चेहरा टिपला जात नाही, नाव-गाव विचारले जात नाही, फक्त पावले मोजली जातात. २०१५ च्या मेळ्यात या चटईने १८ तासांत सुमारे पाच लाख माणसे मोजली, असे निलयने पुढे आपल्या जाहीर व्याख्यानात सांगितले.

मोजणीने काय साधते? अमुक मिनिटांत अमुक माणसे घाटाकडे गेली आणि तेवढी परत आली नाहीत, हे कळले तर मागचा रस्ता वेळेत थोपवता येतो. अंदाजाने काम केले तर दोन्हीकडून चूक होते. त्या वर्षी पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक होता की भाविकांना फार लांब चालावे लागले आणि बरीच टीका झाली. दुसऱ्या पर्वणीला निर्बंध सैल करावे लागले. तरीही नवे घाट, एकेरी वाटा आणि पोलिसांची मेहनत यांमुळे तो सिंहस्थ चेंगराचेंगरीविना पार पडला.

नाशिकची शेवटची पर्वणी १८ सप्टेंबर २०१५ ला झाली. सहाच दिवसांनी, २४ सप्टेंबरला, मिनात दोन रस्ते मिळतात तिथे हाजींचे लोंढे एकमेकांत अडकले. सौदी सरकारचा अधिकृत आकडा ७६९ मृतांचा होता. इतर मोजण्या त्याहून कितीतरी जास्त भरल्या. नवा पूल शाबूत होता, अपघात पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर झाला. एक जागा सुरक्षित केली की धोका तिच्या मागच्या चौकात सरकतो. म्हणून मोजणी दारापासून दूर, गर्दी जिथे जमू लागते तिथेच सुरू व्हायला हवी. आणि आकडा पाहून रस्ता बंद करण्याचा हुकूम देणारा माणूस त्याच क्षणी हजर हवा. २९ जानेवारी २०२५ रोजी प्रयागराजच्या कुंभात पुन्हा माणसे चेंगरली, तेव्हा हा धडा किती महाग आहे ते देशाने पाहिले.

अशा बातमीनंतर आपल्या घरांत ‘तक्दीर’ हा शब्द निघतो. मृत्यूची वेळ अल्लाहच्या हाती आहे, यावर आपला ईमान आहे. पण उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची शिकवणही आपलीच आहे. आणि अरफातहून मुज्दलिफाकडे निघताना पैगंबर (स.) यांनी लोकांना घाई न करता शांतपणे चालायला सांगितले होते. गर्दीच्या शास्त्राचा सल्लाही तोच आहे.

ऑगस्ट २०२७ मध्ये रामकुंडावर पुन्हा मोठी स्नाने होतील. त्या आधी आणि नंतरही चौक मंडईतून जुलूस निघतील, शहाजहानी ईदगाहवर ईदची नमाज होईल. आपल्या मोहल्ल्यातल्या स्वयंसेवकांना चटई मिळाली नाही तरी मैदानाच्या दारांवर हातातल्या मोजणी-यंत्राने माणसे मोजता येतात. आत येण्याचे आणि बाहेर पडण्याचे दार वेगळे ठेवता येते. नमाज संपताच सगळ्यांनी एकदम न उठता मागच्या सफांनी आधी निघावे, हे माइकवरून सांगता येते.

घरच्यांसाठीही काही गोष्टी. निघण्यापूर्वी चुकामूक झाल्यास भेटायची जागा ठरवा. लहानग्यांच्या खिशात फोन नंबराची चिठ्ठी ठेवा. दाटी वाढली तर हात छातीसमोर धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. प्रवाहाच्या उलट जाऊ नका, धक्का ओसरला की तिरके सरकत कडेला या. पडलेली वस्तू उचलायला वाकू नका. आणि पुढे काय चालले आहे ते दिसत नसेल, तर पुढच्याला ढकलू नका. पुढे कदाचित कुणाची तरी आई श्वास घेण्यासाठी धडपडत असेल.