टायर, तार आणि सराटे

१८९२ साली पॅरिसहून क्लेर्माँ-फेराँपर्यंत सायकलींची एक शर्यत झाली. तिच्या वाटेवर मुद्दाम खिळे टाकून ठेवले होते, आणि टाकणारे होते खुद्द शर्यत भरवणारे मिशलँ बंधू. शर्यतीत धावणारे टायर त्यांच्याच कारखान्यातले. तरीही ते पंक्चर व्हावेत अशीच त्यांची इच्छा होती, कारण पंक्चर किती चटकन निघतं हे त्यांना जगाला दाखवायचं होतं.

त्याच्या तीन वर्षं आधी एक सायकलस्वार पंक्चर झालेला डनलॉप टायर घेऊन त्यांच्या कारखान्यात आला होता. हवेच्या टायरचं पेटंट बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये घेतलं होतं, पण तो टायर रिमला चिकटवलेला असे. सोलून काढायला, दुरुस्त करायला काही तास जात, आणि पुन्हा लावलेला गोंद वाळायला रात्र जाई. काढता-घालता येणाऱ्या टायरची कल्पना तिथून निघाली. १८९१ च्या पहिल्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस शर्यतीत शार्ल तेरों हाच टायर लावून सुमारे १२०० किलोमीटर धावला आणि ७१ तास २२ मिनिटांत पहिला आला.

सायकलस्वारांची टिकाऊ टायरबद्दलची भांडणं आजही या जुन्या प्रश्नापाशीच येतात. पंक्चर होऊच नये अशी तजवीज करायची, की झालंच तर रस्त्याच्या कडेला झटपट काढता यावं अशी? दोन्ही गोष्टी एका टायरमध्ये पूर्णपणे मिळत नाहीत. हे ज्याने स्वीकारलं त्याची टायरची निवड सहसा चुकत नाही.

पहिल्या वाटेचं टोक पाहायचं तर जर्मन श्वाल्बे कंपनीचा मॅरेथॉन प्लस हातात घ्यावा. बाहेरचं रबर आणि आतलं कापड यांच्या मध्ये लवचिक रबराचा निळा थर असतो, तब्बल ५ मिलिमीटर जाडीचा. नोटीसबोर्डावरची टाचणी पूर्ण रुतली तरी तिचं टोक त्या थरातच थांबतं. जगप्रवासाला निघालेले, सामानाने लादलेल्या सायकली चालवणारे लोक या टायरवर जीव टाकतात, आणि त्यांचं बरोबर आहे. पण २८ मिलिमीटर रुंदीचा असा एक टायर पाऊण किलोच्या घरात जातो. काँटिनेंटलचा ग्रां प्री ५००० हा शर्यतीचा टायर २५ मिलिमीटरला साधारण २२० ग्रॅम भरतो. हा फरक चाकाच्या अगदी कडेला फिरत असतो, त्यामुळे प्रत्येक सिग्नलवरून सुटताना आणि घाटाच्या प्रत्येक वळणानंतर वेग धरताना तो पायाला कळतो.

हलक्या टायरमध्येही संरक्षण असतंच, फक्त पातळ. ग्रां प्री ५००० मध्ये ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला लागणाऱ्या रबराच्या, खाली व्हेक्ट्रान नावाच्या धाग्याचा पट्टा घातलेला असतो. ४ जुलै १९९७ रोजी नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर आदळत, उसळत उतरलं, तेव्हा त्याला सांभाळणाऱ्या हवेच्या पिशव्या याच धाग्याच्या होत्या. त्याखालचं कापड नायलॉनचं. एका इंचात किती दोरे बसवलेत हा आकडा टीपीआय म्हणून छापतात. दोरे जास्त म्हणजे ते बारीक, कापड मऊ आणि टायर पळायला हलका. दोरे कमी म्हणजे जाड, राकट कापड. यात एक मेख आहे. काही कंपन्या कापडाच्या तिन्ही थरांतल्या दोऱ्यांची बेरीज करून ३३० सारखा आकडा छापतात, म्हणजे एका थरात ११०. नुसता मोठा आकडा पाहून टायर नाजूक की राकट हे ठरवू नये.

आपल्या रस्त्यांवर टायरला नक्की काय टोचतं? नवखा सायकलस्वार काच आणि खिळा ही नावं घेईल. महामार्गाच्या कडेने रोज चालवणारा म्हणेल, तार. ट्रकचा रेडियल टायर फुटला की त्याच्या पोटातल्या पोलादी पट्ट्याच्या चिंध्या होतात. केसासारख्या बारीक, काही मिलिमीटर लांबीच्या त्या तारा कडेच्या धुळीत पसरतात, आणि सायकल नेमकी त्याच कडेने जाते. पुणे–सातारा रस्त्यावर दर रविवारी निघणाऱ्या कोणत्याही गटाला विचारा, बहुतेक पंक्चरांचं मूळ ही तारच निघेल. जाड पट्ट्यालाही ती दाद देत नाही. एका दमात आत जाऊ शकली नाही तर रबरात अडकून राहते, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर थोडी थोडी आत सरकते आणि मग कधीतरी ट्यूबपर्यंत पोचते. भोक इतकं सूक्ष्म की हवा तासन्‌तास टिकते. सायकल रात्री ठीक असते, सकाळी पाहावं तर टायर बसलेला.

तारेचं पंक्चर ज्याने नीट हाताळलं त्याला पंक्चर काढता येतं म्हणायला हरकत नाही. ट्यूब बदलून लगेच निघालेला माणूस दोन-तीन किलोमीटरवर पुन्हा थांबतो, कारण तार टायरमध्येच राहिलेली असते. म्हणून जाणते लोक टायर बसवताना त्यावर छापलेलं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या बरोबर समोर आणतात. ते शोभेसाठी नसतं. ट्यूबला भोक कुठे आहे ते सापडलं की व्हॉल्व्हपासूनचं अंतर मोजायचं आणि टायरवर तेवढ्याच अंतरावर शोधायचं. टायरच्या आतून बोट फिरवताना तार बोटाला लागते, कधी नाहीही लागत. अशा वेळी कापसाचा बोळा फिरवावा. बोटाला न जाणवलेल्या तारेत कापसाचे तंतू अडकतात. मग चिमट्याने ती ओढून काढायची. सॅडलखालच्या पिशवीत पान्यांच्या जोडीला छोटा चिमटा ठेवणाऱ्याला आधी लोक हसतात आणि पुढे त्याच्याकडेच मागायला येतात.

गावाकडच्या वाटांवर वैरी वेगळे. बाभूळ आणि वेडी बाभूळ यांचे काटे लांब आणि सरळ, छाटलेली फांदी रस्त्यावर ओढत नेली की मागे अख्खी रांग पडलेली. सराटे त्याहून कावेबाज. जमिनीलगत पसरणारी वेल, लहान पिवळी फुलं आणि सुकल्यावर काटेरी तुकडे होणारं फळ. तुकडा कसाही पडो, एक काटा वर राहतोच. पायाला, खुराला, टायरला चिकटून दूर जायचं ही त्या बीची प्रवासाची रीतच आहे. अमेरिकेत ही वनस्पती बाहेरून गेली आणि इतकी माजली, की १९६१ मध्ये तिला खाणारे भुंगे आणून सोडावे लागले. आयडाहोतल्या बॉइसी शहरात तर सायकलवाले लोक ती वेल उपटायच्या मोहिमा काढतात. इकडे आपण काटा उपटून पुढे निघतो. सराट्याच्या काट्याविरुद्ध मात्र जाड पट्ट्याचा टायर खरोखर कामी येतो. हा काटा आखूड असतो, पट्ट्याच्या पलीकडे पोचत नाही.

पावसाळ्यात गणित बदलतं. ओलं रबर कोरड्या रबरापेक्षा सहज कापलं जातं. पाणी वंगणासारखं काम करतं आणि काचेची कड आत घुसते. शिवाय ओल्या टायरला बारीक खडी आणि काच चिकटून राहते, प्रत्येक फेऱ्यात पुन्हा दाबली जाते. जून ते सप्टेंबर ताम्हिणी किंवा वरंधा घाटात जाणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत आहे. याच दिवसांत टिकाऊपणाची दुसरी बाजूही समोर येते. लवकर झिजू नये म्हणून कडक केलेलं रबर ओल्या डांबरावर कमी पकड देतं. पाच-सहा हजार किलोमीटर चाललेला टायर कौतुकाचा खरा, पण शेवाळलेल्या वळणावर तो सरकत असेल तर ते कौतुक कशाला? घाटात उतरणाऱ्याने पकडीला झुकतं माप द्यावं आणि टायर थोडा लवकर बदलायची तयारी ठेवावी. रोज ऑफिसला सपाट रस्त्याने जाणाऱ्याने उलट करावं. एकाच टायरची एकाने स्तुती आणि दुसऱ्याने निंदा केली की दोघांनाही खोटं पाडायची गरज नसते. एकाने झीज मोजलेली असते, दुसऱ्याने घसरण.

टायर न फाटता जगण्यात रबराइतकाच वाटा हवेचा असतो, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. पूर्वी २३ मिलिमीटरच्या टायरमध्ये १२० पीएसआय हवा ठोकून भरायची पद्धत होती. दगडासारखं कडक चाक वेगवान, ही समजूत. खडबडीत रस्त्यावर असं चाक उसळत राहतं, स्वाराला हादरवतं आणि ताकद वाया घालवतं. आता रोड सायकलींवर २८ आणि ३२ मिलिमीटरचे टायर सर्रास दिसतात, हवाही बरीच कमी भरतात. टायर थोडा दबला की बारीक खड्यावरून लोळत जातो, कडक असला की तोच खडा त्यात घुसतो. हवा फारच कमी झाली तर मात्र खड्ड्याच्या काठावर रिम ट्यूबला चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. भोकांची अशी जोडी दिसली की काटा शोधत बसू नये, पंप शोधावा. सायकलची ट्यूब आपोआप हवा सोडत असते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी गेज लावून पाहणं हा महागड्या टायरपेक्षा स्वस्त आणि भरवशाचा उपाय आहे.

मागचा टायर पुढच्याच्या साधारण दुप्पट वेगाने झिजतो. त्याच्यावर वजन जास्त, शिवाय पायांचा सगळा जोर त्याच्यातूनच रस्त्यावर उतरतो. मधोमध तो चपटा होत जातो, तिथेच पंक्चरं वाढतात. काही टायरांच्या ट्रेडवर दोन बारीक खळगे ठेवलेले असतात, ते दिसेनासे झाले की टायर बदलायचा. नवीन टायर आणला की बरेच जण तो मागे घालतात, कारण झिजलेला मागचाच असतो. हे करू नये. चांगला टायर नेहमी पुढे हवा. मागे हवा गेली तर सायकल बहुधा सावरता येते, उतारावर पुढचा टायर दगा देतो तेव्हा सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून पुढचा मागे न्यायचा आणि नवीन पुढे लावायचा.

मुंबईच्या डबेवाल्याची किंवा गावोगाव दूध घालणाऱ्याची काळी सायकल या चर्चेत क्वचितच येते. तिचा टायर २८ × १½, रिमवर बसण्याचा व्यास ६३५ मिलिमीटर. रोड सायकलीचा ७०० सी टायर ६२२ चा, त्यामुळे एकाचा दुसऱ्याला चालत नाही. जाड रबर, राकट कापड, रुंद बैठक. या टायरला किलोमीटर कुणी मोजत नाही. तो फाटला तर आतून गेटर, म्हणजे जुन्या टायरचा तुकडा, घालून पुढे चालतो. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे घमेलंभर पाणी, कानस, सोल्युशन आणि जुन्या ट्यूबचे तुकडे एवढ्या भांडवलावर त्याची सगळी दुरुस्ती होते. त्या जाड टायरलाही पंक्चर होतंच, फक्त ते काढणारा माणूस हाकेच्या अंतरावर असतो. रोड सायकलवाला जेव्हा टिकाऊ टायर शोधतो, तेव्हा खरं तर हा हाकेच्या अंतरावरचा माणूस त्याच्याजवळ नसतो.

मागे कोण आहे, यावरच पुष्कळसं ठरतं. रेस अॅक्रॉस अमेरिका ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत २०१५ मध्ये नाशिकच्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. तिथे स्वाराच्या मागे मदतीची गाडी असते. पंक्चर झालं की अख्खं चाक बदलतात, त्यामुळे हलका, वेगवान टायर लावणं शहाणपणाचं. बीआरएमचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत स्वतःच्या बळावर पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांचं, तसं नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास, आणि मदत मिळालीच तर फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या ठिकाणी. मधल्या अंधारात पंक्चर झालं तर हेडलॅम्पच्या उजेडात आपणच काढायचं. दर चार वर्षांनी पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसला महाराष्ट्रातून लोक जातात, ९० तासांच्या मुदतीत १२०० किलोमीटर करायला. तिथेही हाच नियम.

अशा स्वाराने टायर दुकानात नुसता दाबून पाहू नये, घरी स्वतःच्या रिमवर एकदा चढवून आणि उतरवून पाहावा. फार जाड, तारेच्या कडेचे टायर काही रिमवर इतके घट्ट बसतात की प्लास्टिकचे लिव्हर मोडतात. कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत यावं, शेवट व्हॉल्व्हपाशी करावा, म्हणजे दोन बोटांची ढिलाई मिळते. तरीही अंगठ्यांनी चढत नसेल, तर तो टायर त्या माणसासाठी नव्हे, मग त्याची कीर्ती कितीही असो. रात्री दोन वाजता थकलेल्या, गार पडलेल्या हातांनी जो टायर काढता येत नाही त्याला टिकाऊ म्हणायला मन तयार होत नाही. वर्षाकाठी पंक्चर दोन जास्त झाली तरी हरकत नाही, प्रत्येक दहा मिनिटांत निघायला हवं.

ट्यूबलेसमुळे हा वाद मिटेल असं पुष्कळांना वाटतं. २००६ मध्ये ह्युचिन्सन आणि शिमानो यांनी रोड सायकलीसाठी ती पद्धत आणली, आणि तारेच्या सूक्ष्म भोकांवर ती उत्तम चालते. आतलं पातळ सीलंट स्वाराला पत्ताही लागू न देता भोक बुजवतं. पण आपल्या उन्हाळ्यात सीलंट भरभर वाळतं, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरावं लागतं, आणि टायरची बाजू दगडाने फाटली तर सगळं सीलंट रस्त्यावर येतं. म्हणून ट्यूबलेसवाले अनुभवी स्वारही पिशवीत एक ट्यूब ठेवतात, आणि तिच्यासोबत बाद झालेल्या टायरचा बोटभर लांबीचा कापलेला तुकडा. टायर फाटल्यावर तो आतून लावला की ट्यूब फुगून बाहेर येत नाही. हवा नेहमीपेक्षा थोडी कमी भरून पुढच्या गावापर्यंत जाता येतं.