वळणं तोडणाऱ्या वाटा

शहाद्याहून तोरणमाळला जाणारी एसटी घाटाला लागली की माझं लक्ष दरीपेक्षा रस्त्याच्या कडेला असतं. डांबरी रस्ता वळणं घेत चढतो. जवळजवळ प्रत्येक वळणापाशी एक पायवाट त्याला सोडून सरळ वर निघते, वरच्या टप्प्यावर त्याला आडवी जाते आणि पुन्हा झाडीत शिरते. गेल्या हिवाळ्यात खालच्या वळणावर एक बाई दिसली, डोक्यावर मोळी, मागे दोन शेळ्या. समोरून आलेल्या ट्रकला वाट द्यायला गाडी थोडी थांबली. आम्ही वर पोचलो तेव्हा ती रस्ता ओलांडून पुढच्या चढाला लागलेली होती.

तेव्हापासून नंदुरबारहून सकाळी निघून रात्री घरी येण्याएवढी चाल कुठे करावी, हे मी अशा वाटा बघून ठरवते. सह्याद्रीत ट्रेक म्हटलं की किल्ला आला. त्याला नाव असतं, दरवाजा असतो, पाण्याचं टाकं असतं, पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी सांगून ठेवता येते. इकडे किल्ल्यांची तशी रांग नाही, म्हणून डोंगरच नाहीत अशी पुण्या-मुंबईकडे समजूत दिसते. तापी ओलांडून उत्तरेला गेलं की केळी-पपईची सपाट शेतं संपतात आणि तिथूनच सातपुडा उभा राहतो, मध्ये फारशी टेकाडंही नाहीत. या डोंगरातल्या वाटा पावरा आणि भिल्ल माणसांनी चालून चालून केल्या आहेत. त्या पाड्यावर जातात, झऱ्यावर जातात, बाजाराला जातात, मोहाच्या झाडाखाली जातात. नुसत्या शिखरावर जाणारी वाट क्वचितच सापडते.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे. वाटेवर ताजं शेण हवं, आणि फाल्गुनात गेलं तर मोहाखालची जमीन झाडून ठेवलेली हवी. पहाटे फुलं गळतात, ती वेचायला बाया-पोरं उजाडायच्या आत तिथे असतात. अशी वाट मिळाली की मला नकाशा लागत नाही. कोणीतरी भेटतंच, आपल्यासाठी मराठीत बोलतं, आणि पुढच्या फाट्याला डावीकडे का जायचं ते कारणासकट सांगतं. माणसांनी सोडून दिलेल्या वाटेवरून मी मागे फिरते.

तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटर उंचीवर आहे. यशवंत तलाव, सीताखाई, श्रावणातलं धुकं यांसाठी लोक गाड्या करून येतात. मला मात्र ते कार्तिकानंतर आवडतं, गवत पिवळं पडलं की. परतताना दरा गावाजवळच्या उनपदेवला उतरावं आणि तिथल्या गरम पाण्यात पाय सोडावेत. अस्तंब्याची गोष्ट वेगळी. धनत्रयोदशीला तळोद्याकडून हजारो माणसं त्या सव्वातेराशे मीटरच्या शिखराकडे निघतात, कपाळावरची जखम घेऊन तेल मागत हिंडणाऱ्या अश्वत्थाम्याच्या भेटीला. ती यात्रा एका दिवसात होणारी नव्हे. इतर महिन्यांत तिच्या वाटेचा पायथ्याकडचा तुकडा चालून यावा.

बिलगावची वाट मी डोंगरासाठी निवडली नव्हती. धडगाव तालुक्यातलं हे गाव उदई नदीवर आहे आणि तिथे मोठा धबधबा आहे. पावसाळ्यात त्याच्याजवळ उभं राहिलं तर शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. 2003 मध्ये या पाण्यावर गावानं वीज तयार केली. केरळहून आलेले दोन तरुण अभियंते, नर्मदा बचाव आंदोलनाची माणसं आणि गावकऱ्यांचं श्रमदान. दगड, वाळू, सिमेंट, सगळं माणसांनी वाहून आणलं. पंधरा किलोवॅट म्हणजे शहरातल्या दोन-चार सुखवस्तू घरांचा भार, पण तेवढ्यावर पाड्यांवरच्या घरांत आणि आंदोलनाच्या जीवनशाळेत दिवे लागले. 2004 मध्ये आशुतोष गोवारीकरांचा ‘स्वदेस’ आला. त्यातला गावानं ओढ्यावर वीज करण्याचा प्रसंग याच कामावरून सुचल्याचं सांगतात. थिएटरात तो दिवा लागताना मी रडले होते, तेव्हा बिलगाव आपल्याच जिल्ह्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं. 2006 मध्ये सरदार सरोवराची भिंत 121.92 मीटरपर्यंत वाढवायला परवानगी मिळाली. त्याच पावसाळ्यात पाणी नर्मदेतून उदईत मागे चढत आलं आणि तो प्रकल्प बुडाला. तीनेक वर्षं उजेड, मग पुन्हा अंधार. विजेसाठी खपलेल्या गावाची वीज विजेच्याच धरणात गेली, याचा राग मला अजून येतो आणि तो जाऊ नये असंच वाटतं. ‘स्वदेस’ आवडलेल्या प्रत्येकानं एकदा तरी ही वाट चालावी. भर पावसात नको, नाले अचानक भरतात. दसऱ्यानंतर जावं, तेव्हा धडगावच्या बाजारात सीताफळंही असतात.

यंदा मला दाबला जायचं आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या या उंचावरच्या गावाला याहामोगी मातेचं मूळ ठिकाण मानतात. कडक थंडीत तिथे दवाचे थेंब गोठतात आणि गवत पांढरं होतं. ऊन चढलं की ते विरघळतं, म्हणजे उजाडताना तिथे हजर असायला हवं. नंदुरबारहून त्या वेळी पोचणं जमणारं नाही. तेव्हा आदल्या दिवशीच मोलगीला मुक्काम, आणि येताना तिथली भगर घ्यायची.